‘२८ इयर्स लेटर’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘२८ इयर्स लेटर’ जून २०२५ मध्ये पडद्यावर आला आणि त्याचा पुढचा भाग ‘द बोन टेंपल’ जानेवारी २०२६ मध्ये. या काळात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले ते इथे एकत्र केले आहेत. निम्मे सिनेमा पाहण्याआधीचे आहेत आणि निम्मे पाहून बाहेर आल्यावर डोकं खाजवत विचारलेले. प्रश्न १ ते ११ मध्ये कथेतलं काहीही फुटत नाही. बाराव्यापासून सगळं फुटतं, शेवटासकट. सिनेमा पाहायचा असेल तर अकराव्यावर थांबा.

१. हा सिनेमा नेमका कशाबद्दल आहे? आधी काय झालेलं असतं?

केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेतून ‘रेज’ नावाचा विषाणू सुटतो. लागण रक्तातून आणि लाळेतून होते, आणि दहा-वीस सेकंदांत माणूस पिसाळतो. २००२ च्या पहिल्या सिनेमात ब्रिटन यामुळे कोसळतो. आताच्या गोष्टीत त्याला २८ वर्षं उलटली आहेत. उरलेल्या जगाने ब्रिटनभोवती पहारा बसवून त्याला वाळीत टाकलं आहे. ईशान्य इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ लिंडिसफार्न नावाचं बेट आहे, त्यालाच होली आयलंड म्हणतात. तिथे काही कुटुंबं तग धरून आहेत. मुख्य भूमीकडे जाणारी वाट फक्त ओहोटीला उघडी पडते. हे बेट आणि ही वाट खरी आहेत, आणि आजही तिथे जाणाऱ्यांना भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच निघावं लागतं. बारा वर्षांचा स्पाइक वडिलांबरोबर पहिल्यांदा त्या वाटेवरून पलीकडे जातो. घरी आई अंथरुणाला खिळलेली आहे. इथून गोष्ट सुरू होते.

दिग्दर्शन डॅनी बॉयलचं, लेखन अ‍ॅलेक्स गारलँडचं. पहिल्या सिनेमाची जोडी हीच होती. लांबी ११५ मिनिटं.

२. आधीचे भाग पाहिले नाहीत. कोणत्या क्रमाने पाहू? सगळे पाहायलाच हवेत का?

सगळे नकोत. फक्त ‘२८ डेज लेटर’ (२००२, सुमारे ११३ मिनिटं) पाहा आणि मग थेट ‘२८ इयर्स लेटर’. मधला ‘२८ वीक्स लेटर’ (२००७, सुमारे १०० मिनिटं) हुआन कार्लोस फ्रेस्नाडिओने दिग्दर्शित केला. बॉयल आणि गारलँड त्यात कार्यकारी निर्माते होते. नव्या गोष्टीला त्यातलं जवळजवळ काहीच लागत नाही (प्रश्न १५). त्याची पहिली दहा मिनिटं मात्र अख्ख्या मालिकेतल्या सर्वांत थरारक दृश्यांत मोडतात, तेवढ्यासाठी तरी कधीतरी पाहाच.

एकही न पाहता नवा पाहिला तरी कथा कळते. पात्रं, जागा, प्रश्न सगळे नवे आहेत. पहिला भाग पाहायचा तो धावणाऱ्या संसर्गितांचा वेग आणि तो हातात धरलेला थरथरता कॅमेरा एकदा अंगावर यावा म्हणून.

३. ‘२८ डेज लेटर’ लावला तर चित्र फारच धूसर दिसतंय. प्रिंट खराब आहे का? फोर-केमध्ये नीट दिसेल?

प्रिंट ठीक आहे, सिनेमाच तसा आहे. छायाचित्रकार अँथनी डॉड मँटल यांनी तो कॅनन एक्सएल-१ या मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर चित्रित केला. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांकडे तेव्हा दिसायचे त्याच जातीचा कॅमेरा. त्याची चौकट ७२० गुणिले ५७६ बिंदूंची, म्हणजे आजच्या साध्या फुल-एचडी चित्राच्या बरोबर एक पंचमांश. जे मुळात टिपलंच गेलं नाही ते फोर-केमध्ये कुठून येणार?

हे पैशांच्या चणचणीपायीच झालं असं नाही. ओस पडलेलं लंडन दाखवायला भल्या पहाटे रस्ते काही मिनिटांपुरते रोखून धरले जायचे. एवढ्या वेळात मोठा फिल्म कॅमेरा मांडूनही होत नाही. हलके कॅमेरे एकाच वेळी अनेक कोनांत लावता आले, म्हणून वेस्टमिन्स्टर पुलावरची ती दृश्यं शक्य झाली. अगदी शेवटचा प्रसंग ३५ मिमी फिल्मवर आहे. तिथे चित्र एकदम स्वच्छ होतं, तेही ठरवूनच.

टीव्हीवर पाहताना ‘शार्पनेस’ आणि ‘नॉइज रिडक्शन’ दोन्ही कमी करा. टीव्ही धूसरपणा दुरुस्त करायला जातो आणि चेहरे मेणाचे दिसू लागतात.

४. नवा भाग मुलांना घेऊन पाहता येईल का? मुलगा सोळाचा आहे आणि भयपट बघतो.

थिएटरमध्ये नाही. भारतात त्याला ‘ए’ प्रमाणपत्र आहे. याचा अर्थ १८ पूर्ण नसलेल्याला प्रवेश नाही, आईवडील सोबत असले तरी. गोंधळ होतो तो अमेरिकेतल्या ‘आर’ दर्जामुळे. तिथे १७ च्या आतलं मूल पालकांसोबत बसू शकतं, आणि परदेशातले नातेवाईक ‘आम्ही तर नेलं’ म्हणतात ते त्यामुळे. २०२४ पासून आपल्याकडे ‘यूए’चे ७, १३ आणि १६ असे तीन टप्पे झाले, पण तेही ‘ए’ला लागू नाहीत.

घरी पाहायचा की नाही हा तुमचा निर्णय. त्यासाठी आत काय आहे ते सांगतो: डोकं मणक्यासकट उपटण्याची दृश्यं, नग्न संसर्गित, एक प्रसूती, आणि सुरुवातीलाच लहान मुलांवर झालेला हल्ला. याहून जड जाऊ शकतं ते दुसरंच. सिनेमाचा मोठा भाग गंभीर आजार आणि मरण यांच्याभोवती फिरतो. घरात नुकतंच कुणी गेलं असेल किंवा कुणाचे उपचार चालू असतील तर रक्तापेक्षा हा भाग जास्त लागेल. थोडे दिवस जाऊ द्या.

५. टीव्हीवर चित्र एवढ्याशा पट्टीत का दिसतं? झूम केलं तर चालेल?

झूम करू नका. या सिनेमाची चौकट २.७६:१ आहे, म्हणजे उंचीच्या पावणेतीन पटींहून थोडी जास्त रुंदी. आपले टीव्ही १६:९ असतात. त्यामुळे पडद्याच्या उंचीपैकी साधारण ६४ टक्केच चित्र व्यापतं. ४३ इंची टीव्हीवर चित्राची उंची सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर भरते, ५५ इंचीवर ४४. झूम करून पडदा भरलात तर रुंदीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापला जातो. आणि या सिनेमात धोका नेहमी कडेनेच येतो: माळाच्या टोकावर उभी आकृती, झाडीच्या पलीकडची हालचाल.

त्यापेक्षा हे करा. सोफा पुढे ओढा. ४३ इंची टीव्ही असेल तर सव्वा ते दीड मीटरवर बसा. खोलीतला दिवा बंद करा, नाहीतर वरखालच्या काळ्या पट्ट्या राखाडी दिसतात. टीव्हीतलं ‘मोशन स्मूदिंग’ (कंपनीगणिक नाव वेगळं असतं) बंद करा. लांबट फोनवर उंचीच्या सुमारे ८० टक्के चित्र बसतं, म्हणजे वाया जाणारी जागा टीव्हीपेक्षा कमी, पण कडेचा धोका एवढ्याशा पडद्यावर दिसणार कसा?

६. खरंच आयफोनवर काढलाय? मग मीपण काढू शकतो की.

हो, बराचसा आयफोन १५ प्रो मॅक्सवर. छायाचित्रकार पुन्हा डॉड मँटल. पण तो खिशातला फोन नव्हे. फोन धातूच्या चौकटीत कसलेला, त्यावर सिनेमाची मोठी भिंगं बसवणारा जोड, बाहेर वेगळा पडदा. काही दृश्यांसाठी ८, १० आणि २० फोन एका कमानीत बसवलेल्या चौकटी वापरल्या. बाण लागतो त्या क्षणी चित्र गोठून कॅमेरा भोवती सरकल्यासारखा वाटतो, तो त्या चौकटीचा परिणाम. सगळे फोन एकाच क्षणी टिपतात आणि संकलनात एका फोनवरून दुसऱ्यावर उडी मारली जाते. याशिवाय ड्रोन आणि इतर कॅमेरेही आहेत.

खर्च सुमारे सहा कोटी डॉलर. कॅमेरा स्वस्त होता, सिनेमा नव्हे.

७. इंग्रजी चांगलं येतं, तरी संवाद डोक्यावरून जातात असं ऐकलंय.

जाऊ शकतात. बेटावरची माणसं ईशान्य इंग्लंडच्या बोलीत बोलतात. स्पाइक झालेला अ‍ॅल्फी विल्यम्स तर त्याच भागातला, गेट्सहेडचा. उच्चार तोंडातल्या तोंडात आणि शब्द तिथले. सबटायटल लावाच. थिएटरमध्ये तिकीट काढताना सबटायटल असलेला खेळ आहे का ते पाहून घ्या.

८. ट्रेलरमधली ती अंगावर काटा आणणारी कविता कुठली?

रुडयार्ड किपलिंगची ‘बूट्स’, १९०३ ची. बोअर युद्धात मैलोन्‌मैल पायपीट करणाऱ्या सैनिकाच्या डोक्यात बुटांचा ठोका घुमत राहतो आणि तो वेडाच्या काठावर पोचतो, एवढाच विषय. ट्रेलरमधला आवाज टेलर होम्स या अमेरिकी नटाचा, ध्वनिमुद्रण १९१५ चं. सुरुवातीला तो संथ वाचतो आणि शेवटी किंचाळायला लागतो. संगीताचा ताल त्या ठोक्यावरच बांधला आहे.

गंमत म्हणजे ही कल्पना दिग्दर्शकाची नव्हती. बेटावरची पिढी मुलांना काय शिकवते हे दाखवायला बॉयल-गारलँड एखादं जुनं भाषण किंवा गाणं शोधत होते. शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’मधलं लढाईआधीचं भाषणही विचारात होतं. मग स्टुडिओकडून ट्रेलर आला, त्यात ही कविता होती, आणि ती उचलून सिनेमात घेतली गेली. जाहिरातीने सिनेमाला काही दिल्याची उदाहरणं फार नसतील.

९. समीक्षक ९० टक्के म्हणतात आणि प्रेक्षक ६०. कुणाचं खरं धरायचं?

दोन्ही आकडे ‘किती चांगला’ हे सांगतच नाहीत. परीक्षणं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाची टक्केवारी म्हणजे किती टक्के परीक्षणं अनुकूल होती, एवढंच. शंभर जणांनी ‘बरा आहे’ म्हटलं तरी १००. सत्तर जणांना आयुष्यातला सर्वोत्तम वाटला आणि तीस जणांना असह्य, तर ७०. ‘२८ इयर्स लेटर’ला समीक्षकांकडून नव्वदीच्या आसपास आणि प्रेक्षकांकडून साठीच्या घरात आकडा मिळाला. अशी दरी दिसली की बहुतेक वेळा सिनेमा टोकाची मतं निर्माण करणारा असतो. ‘सुमार’ असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

सिनेमास्कोअर ही तिसरी गोष्ट. अमेरिका आणि कॅनडातल्या निवडक थिएटरांत प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री बाहेर पडणाऱ्यांकडून छापील पत्रिका भरून घेतात आणि ए-प्लसपासून एफपर्यंत श्रेणी देतात. पहिल्या रात्री कोण येतं? ट्रेलर पाहून आतुरलेला माणूस. म्हणजे तो ट्रेलरने दिलेल्या वचनाशी सिनेमा ताडून पाहतो. या सिनेमाला ‘बी’ मिळाला. कौटुंबिक पटाला ‘बी’ म्हणजे नापसंती, भयपटाला मात्र ती बरी श्रेणी, कारण भयपटांना ‘सी’ मिळणं नेहमीचंच.

वापरायचं कसं? आकडा सोडा. पाच-सहा नाराज प्रतिक्रिया वाचा आणि तक्रार कशाबद्दल आहे ते पाहा. इथे बहुतेक तक्रारी दोनच: उत्तरार्ध संथ आणि शेवट विचित्र. पहिलीबद्दल प्रश्न १३, दुसरीबद्दल प्रश्न १९.

१०. ‘झोंबिवली’ आवडला होता. हा आवडेल का?

‘झोंबिवली’ (२०२२, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार) हसवत घाबरवतो आणि डोंबिवलीच्या पाण्याचा, टॉवर विरुद्ध वस्तीचा प्रश्न त्यात मिसळतो. इथेही एका देशाची विचारपूस चालू असते, पण विनोद फार थोडा आणि तोही कडू. टोळीने मिळून लढण्याची मजा हवी असेल तर ती इथे मिळणार नाही.

११. पाहायला महिनाभर तरी लागेल. तोवर कथा फुटू नये म्हणून काय करू?

डिसेंबर २०२४ चा पहिला ट्रेलर पाहा आणि तिथेच थांबा. नंतरच्या ट्रेलरमध्ये जास्त दाखवलं आहे. तोही खासगी विंडोत पाहा. नेहमीच्या खात्यातून एकदा शोधलंत की यूट्यूब दुसऱ्या दिवसापासून ‘शेवटाचा अर्थ’ छापाचे व्हिडिओ समोर आणतं, आणि त्यांच्या मुखचित्रावरच शेवट असतो. चुकून शोधलं असेल तर पाहण्याच्या आणि शोधाच्या इतिहासातून त्या नोंदी काढा, मगच शिफारशी थांबतात. एक्सवर सिनेमाच्या नावाबरोबर ‘जिमी’ आणि ‘केल्सन’ हे शब्दही म्यूट करा. विकिपीडियावर फक्त कलाकारांची नावं बघायला जाऊ नका, पात्रांच्या वर्णनातच सगळं उघड होतं.

*इथून पुढे कथा फुटते.*

१२. ट्रेलरमध्ये फुलांतून उठणारा तो हाडकुळा संसर्गित किलियन मर्फी होता ना? सिनेमात तर तो दिसलाच नाही.

नव्हता. ट्रेलर आला त्या आठवड्यात जगभर हीच चर्चा होती. गालफडं आत गेलेला चेहरा, आणि पहिल्या भागात जिम झालेल्या मर्फीचं नाव प्रकल्पाशी जोडलेलं, त्यामुळे ‘जिमच संसर्गित झाला’ असा तर्क लोकांनी बांधला. प्रत्यक्षात ती भूमिका कलावस्तूंचा व्यापार करणाऱ्या एका मॉडेलने केली होती, आणि काही दिवसांतच बातम्यांत ते स्पष्टही झालं. मर्फी या सिनेमाचा कार्यकारी निर्माता आहे, नट नाही. जिम दिसतो तो पुढच्या भागाच्या शेवटी.

नुकसान असं झालं की हा खुलासा अनेकांपर्यंत पोचलाच नाही. ते दोन तास जिमची वाट बघत बसले.

१३. ट्रेलरमध्ये धडाकेबाज भयपट दाखवला आणि निघाली आई-मुलाची रडकथा. ही फसवणूक नाही का?

सर्वांत जास्त आलेला प्रश्न. ट्रेलरमध्ये जे दिसतं ते सगळं सिनेमात आहे, पण बहुतेक पहिल्या तासातलं. बाप-मुलाची शिकार, ओहोटीची वाट, भरतीशी शर्यत, पाठलाग करणारा धिप्पाड ‘अल्फा’. नंतर सिनेमा वळतो. बापाचं दुसरीकडे प्रकरण आहे हे स्पाइकला कळतं, बेटावरच्या शौर्यकथा खोट्या आहेत हे दिसतं, आणि तो आईला घेऊन एका डॉक्टरच्या शोधात निघतो. त्या डॉक्टरला बाप वेडा ठरवून मोकळा झालेला असतो.

डॉ. केल्सन (रेफ फाइन्स) भेटल्यावर भीती संपते आणि दुसरं काही सुरू होतं. त्याने मेलेल्यांची हाडं उकळून, साफ करून त्यांचे मनोरे उभारले आहेत, मधोमध कवट्यांचा स्तंभ. संसर्गित असो की नसो, प्रत्येकाची कवटी त्यात सारखीच. तो आईला तपासतो: कर्करोग, सर्वत्र पसरलेला. उपाय नाही. ती वेदनेशिवाय जायचं ठरवते, आणि तिची कवटी स्पाइक स्वतःच्या हाताने स्तंभाच्या माथ्यावर, उगवतीकडे तोंड करून ठेवतो. जगबुडीच्या सिनेमात माणसं शेकड्याने मरतात आणि कुणी थांबत नाही. हा सिनेमा एका मरणापाशी थांबतो. आमच्या मते त्याची खरी ताकद तिथे आहे. ट्रेलर हे विकूच शकत नव्हता, कारण दोन मिनिटांत ठोका वाजवता येतो, निरोप देता येत नाही.

तरी तक्रारीत तथ्य आहेच. वळण घेण्याआधी सिनेमा काहीच सुचवत नाही, आणि मधला स्वीडिश सैनिकाचा विनोदी तुकडा दोन्हीकडे न बसणारा. दुसऱ्यांदा पाहणाऱ्यांना उत्तरार्ध जास्त आवडतो असं पुष्कळ जण कळवतात. पहिल्यांदा ते अल्फाची वाट बघत असतात.

१४. संसर्गित उपाशी मरतात ना? मग २८ वर्षं कसे टिकले?

‘रेज’ची लागण झालेली माणसं मेलेली नसतात. म्हणून त्यांना झॉम्बी म्हणणं नियमांच्या दृष्टीने चूक, आणि म्हणूनच त्यांना भूक मारू शकते. मधल्या भागात तर पाच आठवड्यांत सगळे उपासमारीने मेल्याचं सांगितलं आहे. नव्या सिनेमाचं उत्तर असं की जे उरले ते खायला शिकले. जमिनीवर सरपटणारे फुगलेले ‘स्लो-लो’ गांडुळं खातात. धावणारे टोळीने हरणं मारतात. काहींवर विषाणूचा परिणाम स्टिरॉइडसारखा झाला आणि त्यांचे ‘अल्फा’ झाले: अंगाने दुप्पट, बाणांना दाद न देणारे, टोळीचं नेतृत्व करणारे.

पटतं का? अर्धंमुर्धं. इंग्लंडच्या हिवाळ्यात उघड्या अंगाने २८ वर्षं कशी काढली याला सिनेमात उत्तर नाही.

१५. ‘२८ वीक्स लेटर’च्या शेवटी संसर्ग पॅरिसला पोचला होता. मग युरोप सुखरूप कसा?

सुरुवातीच्या पाटीवर एका ओळीत निकाल लावला आहे: संसर्ग युरोपच्या मुख्य भूमीवरून मागे रेटला गेला. बस. ब्रिटन एकटा वाळीत पडलेला हवा होता, म्हणून ही सोय. बाहेर जग नेहमीसारखं चालू आहे हे सैनिकाच्या मोबाइलवरून कळतं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्याची सावली यात अनेकांनी पाहिली, आणि बॉयलनेही ती नाकारलेली नाही.

१६. बंदुका का नाहीत? धनुष्यबाण नाटकी वाटतात.

उलट हा तपशील पक्का आहे. ब्रिटनमध्ये सामान्य माणसाकडे बंदुका मुळातच कमी, आणि बेटावर काडतुसं बनवणारं कुणी नाही. बाण परत काढून वापरता येतो, आवाज होत नाही, आणि लाकूड-पिसं बेटावर मिळतात. गाड्या नसण्याचं कारणही साधं. साठवलेलं पेट्रोल सहा महिने ते वर्षभरात बिघडू लागतं. जगबुडीनंतर दहा वर्षांनी जुन्या गाडीला चावी मारून निघणारे नायक पडद्यावर पुष्कळ आहेत, इथे तो आळस नाही. बाणांमागे आणखी एक गोष्ट आहे. मध्ये मध्ये जुन्या चित्रपटातले मध्ययुगीन तिरंदाज चमकून जातात, ते १९४४ च्या ‘पाचवा हेन्री’तले. बेटाने भविष्य सोडून इतिहासात राहायला सुरुवात केली आहे.

१७. केल्सन अंगाला आयोडीन फासतो. त्याने खरंच विषाणू मरतो?

पोव्हिडोन-आयोडीन त्वचेवरचे अनेक विषाणू आणि जिवाणू मारतं. शस्त्रक्रियेआधी ते लावतात ते त्यासाठीच. पण ते पृष्ठभागावर. चाव्यातून रक्तात गेलेल्या विषाणूला वरून लावलेलं आयोडीन रोखत नाही, आणि सिनेमातला विषाणू तर मुळातच काल्पनिक. रोज अंगभर फासणं खऱ्या आयुष्यात धोक्याचं: आयोडीन त्वचेतून शोषलं जातं आणि थायरॉइडचं काम बिघडवू शकतं. पिऊ तर मुळीच नका. हे लिहावं लागतंय, कारण हा प्रश्न गंमत म्हणून आलेला नव्हता.

संसर्गित बाईचं बाळ निरोगी कसं, हा प्रश्न याच्याच जोडीने येतो. केल्सन त्याचं श्रेय वारेला देतो. वार कित्येक विषाणू अडवते हे खरं, सगळे नाही हेही खरं. गोष्टीपुरतं चालतं.

१८. स्पाइक ज्या झाडापाशी थांबतो ते तर तोडलं होतं ना?

हो. हेड्रियनच्या भिंतीलगतच्या खिंडीतलं ते सायकामोर सप्टेंबर २०२३ मध्ये दोघांनी रात्रीत करवतीने पाडलं आणि ब्रिटनभर हळहळ झाली. चित्रीकरण २०२४ चं, म्हणजे झाड प्रत्यक्षात नव्हतं, पडद्यावर ते पुन्हा उभं केलं. सिनेमाच्या जगात २००२ नंतर ते पाडायला कुणी उरलंच नाही. माणसं गेली म्हणून झाड राहिलं. हा तर्क लक्षात ठेवा, पुढच्या प्रश्नात हाच कामाला येतो.

१९. शेवटी ट्रॅकसूट घातलेली, सोनेरी केसांची माकडउड्या मारणारी टोळी कुठून आली? सिनेमाच बदलला की काय!

दोन भागांत सांगतो.

कथेच्या पातळीवर: पहिल्या प्रसंगात टीव्हीवर टेलिटबीज बघणारा मुलगा आठवा. पाद्री बाप संसर्गितांना मिठी मारतो आणि मुलाच्या हाती क्रॉस देतो. तो जिमी. मधे झाडावर उलटा टांगलेला माणूस दिसतो, त्याच्या अंगावर ‘जिमी’ कोरलेलं असतं. शेवटी येतो तो मोठा झालेला तोच मुलगा (जॅक ओ’कॉनेल), गळ्यात तोच क्रॉस, पण उलटा. म्हणजे टोळी अचानक येत नाही, तिची पेरणी आधीच झालेली असते.

वेशाच्या पातळीवर: चकचकीत ट्रॅकसूट, सोनेरी लांब केस, बोटांत अंगठ्या. हे हुबेहूब जिमी सॅव्हिलचं रूप. हा ब्रिटिश टीव्हीवरचा मुलांचा लाडका निवेदक, राणीकडून ‘सर’ झालेला. २०११ मध्ये तो मेला आणि २०१२ मध्ये उघड झालं की त्याने दशकानुदशकं असंख्य मुलांवर आणि रुग्णांवर लैंगिक अत्याचार केले होते. आता प्रश्न १८ चा तर्क लावा. सिनेमाच्या जगात ब्रिटन २००२ मध्येच थांबला. सॅव्हिलचं खरं रूप तिथे कधी बाहेर आलंच नाही. अनाथ झालेल्या मुलाच्या आठवणीत टीव्हीवरचा तो प्रेमळ काकाच उरला, आणि त्याने त्यालाच देव केलं. ब्रिटिश प्रेक्षकाचा त्या क्षणी श्वास अडकतो. आपल्याकडे हा संदर्भ नसल्यामुळे उरतात फक्त रंगीत कपडे आणि कोलांट्या, म्हणून तो प्रसंग दुसऱ्याच सिनेमातून चिकटवल्यासारखा वाटतो. संदर्भ माहीत असूनही सगळ्यांना तो रुचला नाही, हेही नोंदवायला हवं. स्पाइकच्या दुःखानंतर इतक्या लगेच हा धिंगाणा नको होता असं म्हणणारे ब्रिटनमध्येही पुष्कळ आहेत.

२०. नग्न संसर्गितांची दृश्यं बालकलाकारासमोर कशी चित्रित केली?

नग्न कुणीच नव्हतं. मूल सेटवर असताना प्रत्यक्ष नग्नतेला ब्रिटनमध्ये कायद्याने मनाई आहे. त्यामुळे दिसतात ते सगळे कृत्रिम अवयव, अंगावर चिकटवलेले. सॅमसन या अल्फाबद्दल चाललेल्या सगळ्या विनोदांचं मूळ हे असं रबरी आहे.

२१. ‘द बोन टेंपल’ लगेच पाहू की थांबू? गोष्ट तिथे संपते का?

दोन्ही भाग लागोपाठ चित्रित झाले, पण दुसऱ्याची दिग्दर्शिका निया डाकॉस्टा. लेखन गारलँडचंच. गोष्ट शेवटच्या प्रसंगाला लागूनच पुढे सुरू होते, त्यामुळे मधे वर्ष जाऊ देऊ नका. आधीचा विसरला असाल तर केल्सन भेटल्यापासूनचा भाग पुन्हा पाहा, सुमारे पाऊण तास. केल्सन आणि सॅमसन यांचं नातं हा पुढच्या भागाचा कणा आहे, आणि जिमीची टोळी हा त्याचा दुसरा धागा. स्पाइक मागे सरकतो. हिंसा आधीपेक्षा क्रूर आहे, कारण ती आता माणसं माणसांवर करतात. प्रश्न ४ मधला इशारा इथे दुप्पट लागू.

पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांनी याला आधीच्या भागाहून वरची श्रेणी दिली, तरी अमेरिकेतली पहिल्या तीन दिवसांची कमाई आधीच्या भागाच्या निम्म्याहून कमी भरली. शेवटावरून चिडलेले काही प्रेक्षक परतलेच नाहीत, हा त्याचा एक अर्थ. जानेवारीतलं प्रदर्शन आणि दोन भागांत जेमतेम सात महिन्यांचं अंतर, हेही नडलं असावं. गोष्ट पूर्ण संपत नाही, ही तीन भागांची आखणी आहे. शेवटची काही मिनिटं मात्र ज्यांनी २००२ चा भाग पाहिला आहे त्यांच्यासाठीच आहेत, म्हणून प्रश्न २ मधला क्रम टाळू नका.